उभ्या गाडीचा वेग

दंतवैद्याकडे माणूस जातो तो काहीतरी कमी करून यायला. मीटरसाहेब दुखरी दाढ दाखवायला गेले आणि दोन दारांची, दोन सीटांची, लालभडक स्पोर्ट्स कार घेऊन आले. दाढ तशीच राहिली.

यात दंतवैद्याचा काही दोष नव्हता. साहेबांच्या तोंडात कापूस कोंबलेला असताना त्याने आपला सहज विषय काढला. म्हणाला, हल्ली कंबर फार दुखते, गाडी जमिनीला इतकी टेकलेली आहे की रांगतच बाहेर यावं लागतं, आणि डॉक्टर रांगताना दिसला की पेशंटचा विश्वास उडतो. तेव्हा कुणी चांगला माणूस मिळाला तर देऊन टाकायची आहे. साहेब "अं अं अं" म्हणाले. कापूस काढल्यावर ते "मी घेतो" असं होतं हे उघड झालं.

मीटरसाहेब वीजखात्याच्या मीटर-तपासणी शाखेत होते. खरं नाव नोकरीच्या कागदांत होतं, पण ते कुणाला आठवत नसे. तीस वर्षं लोकांच्या घरांची, दुकानांची, कारखान्यांची मीटरं तपासण्यात गेली होती. चष्मा पुसायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, आणि ग्राहकाने कितीही आकांडतांडव केलं तरी शांतपणे म्हणायचं, "मी जे दिसतं ते लिहितो." कुणी मीटरचं सील तोडलेलं दिसलं तर मात्र त्यांच्या कपाळाची शीर उठत असे. परवानगीशिवाय मीटर उघडणं त्यांना दुसऱ्याचं पत्र फोडून वाचण्याइतकं हलकं वाटायचं. अशा माणसाला गाडीत बसल्यावर पहिल्यांदा काय दिसणार? इंजिन नाही, चाकं नाहीत. मीटर!

आणि मीटरांची अवस्था बघवत नव्हती. डॅशबोर्डवर पाच तबकड्या होत्या: वेग, इंजिनाचे फेरे, पेट्रोल, तापमान आणि ऑइलचा दाब. दंतवैद्याने गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी केल्यामुळे पाचही विटून गेल्या होत्या. वेगाच्या तबकडीवर शून्य आणि दहा दिसत, मग सगळं वाळवंट, आणि पार पलीकडच्या टोकाला एकदम दोनशे चाळीस. मधल्या कुठल्याही वेगाने जायची या गाडीला जणू परवानगीच नव्हती.

साहेबांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनी, एका शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क होत्या. गाडी बघायला त्या खाली आल्या, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि खिडकीतून डोकं आत घालून पाच तबकड्या पाहिल्या.

"किती वेगानं चाललीय हे कळतं कसं?"

"अंदाजानं," साहेब म्हणाले.

"अहो, अंदाजानं मीठ घालतात." वहिनींनी डोकं बाहेर काढलं. "मी नाही बसायची. तो काटा खरं बोलायला लागला की सांगा."

झालं. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा एक हौस केली, तीही दोनच सीटांची, आणि त्यातली एक रिकामी! तो महिनाभर साहेब भाजीची पिशवी शेजारी ठेवून, तिला पट्टा लावून घरी आणत. भाजीवाल्याला वाटायचं, काय जपतात हो हे कोबीला.

तेव्हा तबकड्या बदलायच्या ठरल्या. जुन्यावर चिकटवायचे नवे चेहरे बाजारात तयार मिळतात, असं कळलं. साहेब गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांच्या मुलीच्या वयाचा होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, लाल गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"अच्छा," दुकानदार म्हणाला, आणि त्यानंतर का कोण जाणे, मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला. त्याने ज्वाळांची नक्षी असलेला संच दाखवला. विजा कडाडणारा दाखवला. एका संचात पेट्रोल संपायच्या जागी मानवी कवटी होती. साहेबांनी विचारलं, "टाकी रिकामी म्हणजे माणूस मरतो का?" दुकानदार म्हणाला, "काका, फील येतो." तीस वर्षांत हजारो मीटरं पाहिली, पण फील येणारं एकही आढळलं नव्हतं. साहेबांनी छापील माहितीपत्रक मागून घेतलं आणि ते घरी आले.

आता खरं तर तबकडी कशी असावी यावर या शहरात अधिकारवाणीने बोलू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याने ती निवडून मोकळं व्हायला हवं होतं. पण साहेबांचा स्वभाव तपासणीचा. त्यांनी माहितीपत्रकातले पाच संच मूळ आकारात छापून आणले, कापले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. अकरा दिवस ते तिथे होते. घरातली माणसं, म्हणजे दोघं, अकरा दिवस स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून जेवली.

बातमी जिन्यातून वर गेली. पहिले आले ते शेजारचे कर्नल. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. त्यांना नुसत्या मिशा होत्या, आणि एका पतपेढीतली निवृत्ती. त्यांनी टेबलावर नकाशा पाहावा तशी नजर फिरवली. "काळ्यावर लाल! शत्रूला धडकी भरली पाहिजे."

"कर्नल, ते आकडे मी वाचणार आहे. शत्रू नाही."

"तिथंच तर आपण हरतो," कर्नल म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले.

मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी पाचही संच भिंतीला टाचून घेतले, खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकली आणि तिथून वाचून पाहिले. "हिरवे आकडे मागच्या बाकावरून दिसत नाहीत," असा निकाल दिला. गाडीला मागचा बाकच नाही, हे साहेबांनी नम्रपणे सांगून पाहिलं. "मग तर शिस्त आणखीच बिघडते," असं म्हणून त्या गेल्या. दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या मुलीचा फोन आला: "बाबा, निळ्या प्रकाशाचे घ्या, मस्त दिसतात!" साहेबांनी वहीत चार रकाने पाडले होते, ते भरून मजकूर पानाच्या पाठीमागे गेला.

सगळ्यात शेवटी त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनी एका हातात ताट धरून, ओट्याला टेकून जेवत होत्या.

"वाचता येईल तो घ्या," त्या म्हणाल्या.

हे इतकं सरळ होतं की साहेबांनी ते वहीत लिहिलंच नाही. अनुभवी माणसाला सोपं उत्तर आलं की अपमान वाटतो.

अखेर हस्तिदंती रंगावर तपकिरी आकड्यांचा संच ठरला. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला असतात तसे सरळ, सभ्य आकडे. तीन आठवड्यांनी पार्सल आलं. साहेबांनी ते आंघोळ करून उघडलं. चेहरे खरोखर देखणे होते. ते त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, कोबीच्याच जागी पट्टा लावून, गाड्यांच्या वायरमनकडे नेले.

हा वायरमन हुशार होता, पण त्याला घाई असायची. कसली ते त्यालाही माहीत नसावं. त्याने पाचही काटे उपटले, चेहरे चिकटवले आणि काटे परत दाबून बसवले. तासाभरात काम झालं. साहेब गाडीत बसले. हस्तिदंती चेहऱ्यांवरून हात फिरवावासा वाटत होता. तेवढ्यात लक्षात आलं की गाडी बंद आहे, किल्ली खिशात आहे, आणि वेगाचा काटा तीसवर आहे.

"अहो, हा तीस दाखवतोय."

"नवा आहे ना साहेब. वापरात बसेल," वायरमन दुसऱ्या गाडीखाली शिरत म्हणाला.

"पण उभ्या गाडीला तीस?"

"मग चालवताना तीस वजा करा की," गाडीखालून आवाज आला.

साहेबांचा अभिमान दुखावला, पण गणिताला तोड नव्हती. शून्य चुकलेलं मीटर त्यांना नवं नव्हतं. त्याला शून्य-दोष म्हणतात, आणि दोष कायम असेल तर वजा करून खरा आकडा काढता येतो. घरी येऊन त्यांनी हे वहिनींना टेबलावर आकृती काढून समजावलं. वहिनींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे गाडी चालवायची की वजाबाक्या करायच्या?"

"सवयीनं आपोआप होतं."

"मग सवय झाली की सांगा," वहिनी म्हणाल्या. सीट रिकामीच राहिली.

मोठ्या बाई तर एकदा इमारतीखाली उभ्या गाडीत डोकावल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "सावकाश हो! इथं मुलं खेळतात."

पण दुःखात सुख असं की पेट्रोलच्या काट्याने चमत्कार केला. वायरमनकडून निघताना टाकी अर्धी होती आणि काटाही बरोबर मध्यावर होता. आठ दिवसांनी साहेबांनी पाहिलं तर काटा पाऊण टाकीवर. आणखी चार दिवस गेले. टाकी जवळजवळ भरलेली! साहेब जितकी गाडी चालवत तितकी टाकी भरत चालली होती.

एखाद्या साध्या माणसाने इथे संशय घेतला असता. पण साहेब तज्ज्ञ होते आणि तज्ज्ञाकडे संशयाऐवजी उपपत्ती असते. टाकी उन्हात तापते, पेट्रोल फुगतं, वगैरे. शिवाय जुन्या चांगल्या इंजिनांची गोष्टच वेगळी, असं त्यांनी कर्नलना जिन्यात ऐकवलं. कर्नल म्हणाले, "मी सुरुवातीलाच म्हणालो होतो." काय म्हणाले होते ते दोघांनाही आठवेना.

ज्या दिवशी काटा 'पूर्ण'ला टेकला त्या दिवशी साहेबांनी ठरवलं की आज वहिनींना शाळेतून घ्यायचंच. भरलेली टाकी, हस्तिदंती चेहरे आणि स्वच्छ धुतलेली लाल गाडी; बघू कशा नाही म्हणतात! शाळा सुटायच्या बेताला त्यांनी फाटकासमोर ऐटीत वळण घेतलं. गाडी दोनदा खोकली, एकदा उचकी दिली आणि फाटकाच्या बरोबर मधोमध, शाळेची बस आत अडकेल अशा बेताने, गप्प झाली.

बस हॉर्न वाजवू लागली. तीनशे मुलं कुंपणाला लागली. साहेब किल्ली फिरवत होते आणि काचेआडून शांत चेहरा ठेवण्याचा प्रयत्न करत होते. उभ्या गाडीत ते तीसच्या वेगाने बसलेले होते हे मुलांच्या लगेच ध्यानात आलं, आणि ती ओरडून ओरडून एकमेकांना सांगू लागली. शेवटी गर्दीतून वहिनी आल्या. पर्स खांद्यावरून तिरपी घेतली, शिपायाला हाक मारली आणि दोघांनी मिळून गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला नेली. वहिनींचा या गाडीशी पहिला संबंध आला तो असा मागच्या बाजूनं.

उलगडा नंतर झाला. तो संच याच गाडीच्या दुसऱ्या एका प्रकारासाठी होता, आणि त्या प्रकारात पेट्रोलचा काटा उलट्या दिशेने फिरतो. 'रिकामी'च्या जागी 'पूर्ण' आणि 'पूर्ण'च्या जागी 'रिकामी'. एवढंच. दुकानदार फोनवर मोठ्याने आणि सावकाश म्हणाला, "काका, एक चेहरा बदलून मिळत नाही, सगळा संच पाठवावा लागेल." तीस वर्षांच्या तपासणीचा हा असा विजय! साहेबांनी दोन दिवस गाडीचं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसले तर पेट्रोलच्या तबकडीवर दोन इवल्याशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या: 'भरली' आणि 'रिकामी', योग्य त्या बाजूंना. कपाटांवर आणि फायलींवर दिसणारं ते रेखीव, गोल अक्षर साहेब ओळखत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सवयीने परत पुसला.

हे सगळं होईस्तोवर दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा गाडीच्या सरकारी तपासणीचा दिवस आला. गाडीला पंधरा वर्षं झाली होती. परिवहन कार्यालयात ती पास झाली तरच तिची नोंदणी पुढे चालणार, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही. साहेब सकाळीच गेले. मागोमाग, कुणी न सांगता, कर्नल स्कूटरवरून आले. "काळजी करू नका, मी आहे," ते म्हणाले. साहेबांना नेमकी तीच काळजी होती.

वाहन निरीक्षक भला मोठा, दुःखी चेहऱ्याचा आणि अत्यंत सावकाश माणूस होता. दिवे, ब्रेक, टायर सगळं त्याने पाहिलं. पेट्रोलच्या तबकडीवरच्या चिठ्ठ्या वाचून "अक्षर चांगलं आहे" म्हणाला. मग त्याने खिडकीतून मान आत घातली आणि फॉर्मचा अकरावा रकाना वाचला.

"तपासणीवेळी वाहनाचा वेग... तीस." त्याने लिहिलं.

"अहो, गाडी उभी आहे!"

"मला दिसतंय ना." निरीक्षकाने पुढचा रकाना घेतला. "तपासणीचं ठिकाण, कार्यालयाचं आवार. तिथली वेगमर्यादा, दहा. मर्यादेचं उल्लंघन झालं का, होय किंवा नाही..." त्याने थोडा विचार केला आणि 'होय'वर खूण केली.

"पण उभ्या गाडीनं उल्लंघन कसं होईल?"

"साहेब, गाडी उभी आहे असं लिहायला रकाना नाही. काटा तीस म्हणतोय." निरीक्षकाने मनापासून हळहळत सांगितलं, "मी जे दिसतं ते लिहितो."

हे वाक्य मीटरसाहेबांनी तीस वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल, याचा हिशेब नव्हता. समोरच्या माणसावर रागवायचं म्हटलं तर आरशावर रागवल्यासारखं झालं असतं. कर्नल म्हणाले, "हल्ला हाच उत्तम बचाव," आणि दोन पावलं मागे सरकले.

निरीक्षकाने पुढे सांगितलं की गाडी नापास, आणि शिवाय दंतवैद्याचं विक्रीपत्रही फायलीत नाही. साहेबांनी वहिनींना फोन लावला.

"विक्रीपत्र कपाटात, निळ्या फायलीत आहे. मी अर्धी रजा टाकून येते," वहिनी म्हणाल्या. "आणि मी येईपर्यंत कशावरही सही करू नका."

दुपारी वहिनी आल्या. विक्रीपत्र दिलं आणि निरीक्षकाच्या हातातला फॉर्म मागून घेतला. पहिली ओळ, दुसरी ओळ, सगळे रकाने वाचले. मग त्यांनी पान उलटलं. निरीक्षक चपापला. चौदा वर्षांच्या नोकरीत त्या फॉर्मचं पान कुणी उलटताना त्याने पाहिलं नव्हतं.

"ही बारीक टीप," वहिनी म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "वेगदर्शकाबाबत शंका असल्यास वाहनधारकाच्या विनंतीवरून एक किलोमीटर अंतरावर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. चाचणीवेळी वाहनात चालकाखेरीज एक सज्ञान व्यक्ती घड्याळासह हजर असावी. आमची विनंती आहे. तुम्ही बसा."

कार्यालयामागे सरळ, मोकळा रस्ता होता, आणि पांढऱ्या खांबापासून पांढऱ्या खांबापर्यंत बरोबर एक किलोमीटर मोजलेला होता. निरीक्षकाने प्रामाणिकपणे बसून पाहिलं. एक पाय आत गेला. दुसरा कुठल्याच बाजूने जाईना. त्याला बाहेर काढायला साहेब आणि कर्नल दोघे लागले.

"मग तुम्ही," निरीक्षक धापा टाकत कर्नलना म्हणाला.

"मी?" कर्नलांनी गुडघा चोळला. "मी बाहेरून नेतृत्व करतो."

आता तिथे सज्ञान अशी एकच व्यक्ती उरली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? काटा खरं बोलायला लागल्याशिवाय ती बसणार नव्हती, आणि ती बसल्याशिवाय काट्याला खरं बोलायला लावता येणार नव्हतं. कुंपणाकडे बघत साहेब म्हणाले, "राहू दे. देऊन टाकू कुणाला तरी. तशीही मला ही शोभत नव्हतीच."

वहिनींनी पर्स खांद्यावरून काढली. "धरा हो," म्हणून ती कर्नलच्या हातात दिली, निरीक्षकाकडून सेकंदांचं घड्याळ घेतलं, दार उघडलं आणि वाकून, वळून, एका झटक्यात त्या आत बसल्या. "केवढं खाली आहे हे," त्या म्हणाल्या. मग पट्टा लावला. "चला. साठवर ठेवा."

पहिल्या फेरीत साहेबांनी काटा साठवर घट्ट धरला. खांब आला तेव्हा वहिनींनी घड्याळ दाबलं. "साठच्या वेगानं एक किलोमीटरला एक मिनिट लागायला हवं. आपल्याला एकशे एकोणीस सेकंद लागले. म्हणजे आपण तीसनंच चाललो होतो."

"मी म्हटलंच होतं, तीस वजा करायचे," साहेब पुटपुटले.

"तुमचं गणित बरोबर होतं," वहिनी म्हणाल्या. "पण निरीक्षकांना वजाबाकी चालणार नाही. काटा काढून नीट बसवा."

"वायरमन उद्या..."

"तुम्ही बसवा."

साहेब दचकले. "मीटर उघडायचं? मी?"

"तुमचंच आहे ना?"

"तरी पण..." साहेबांनी निरीक्षकाकडे पाहिलं. निरीक्षक म्हणाला, "गाडीच्या मीटरला सील नसतं हो. उघडा बिनधास्त."

कँटीनमधून दोन चमचे आणि एक स्क्रू-ड्रायव्हर आला. साहेबांनी रुमाल पसरला, काच उतरवली, दोन्ही बाजूंनी चमचे लावून काटा हलकेच उचलला आणि शून्यावर टेकवून अंगठ्याने दाबला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण वहिनींनी नवऱ्याला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. मीटरं लोकांच्या घरी असतात. त्या घड्याळ हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या फेरीला त्रेसष्ट सेकंद. साहेबांनी काटा केसभर सरकवला. तिसऱ्या फेरीला अठ्ठावन्न. "थोडा पुढे," वहिनी म्हणाल्या, "इतका नाही, अर्धा." चौथ्या फेरीच्या आधी त्यांनी केस मागे बांधून घेतले, आणि वळणावर त्या चक्क हसल्या. साहेबांना वाटलं, इंजिनात काहीतरी वाजलं. खांब मागे पडला.

"साठ!" वहिनी ओरडल्या. "बरोबर साठ!"

निरीक्षकाने पाचवी फेरी मागितली, खात्रीसाठी. तीही साठ भरली. त्याने फॉर्मवरचा 'होय' खोडला, बाजूला सही केली, शिक्का मारला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच बहुधा, कुणाचं तरी अभिनंदन केलं. कर्नलांनी पर्स छातीशी धरून सलाम ठोकला.

साहेब ऐटीत गाडीकडे वळले. आज दार स्वतः उघडून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण वहिनी त्या दारापाशी नव्हत्या. त्या पलीकडे, चालकाच्या दारापाशी उभ्या होत्या.

"घड्याळ आता तुम्ही धरा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

त्यांनी कर्नलकडून पर्स परत घेतली आणि आतून एक कार्ड काढलं. साहेबांनी ते कार्ड शेकडो वेळा पाहिलं होतं. बँकेत, पोस्टात, कुठेही ओळखपत्र मागितलं की वहिनी ते काढत. ते वाहन चालवायचा परवाना आहे, हे त्यांना माहीत होतं. त्याने वाहन चालवता येतं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या वर्षी वहिनी गाडी शिकल्या होत्या, पहिल्या खेपेला पास झाल्या होत्या, आणि नंतर घरात गाडीच नसल्यामुळे विषय निघाला नव्हता. नूतनीकरण मात्र प्रत्येक वेळी मुदतीच्या आत केलेलं होतं.

"अगं पण इतक्या वर्षांत तू..."

"नाही चालवली. म्हणून तर इथं चालवते. रस्ता सरळ आहे, मोकळा आहे आणि सरकारी माणूस उभा आहे. बसा."

साहेब बसले. पहिल्यांदा गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा उडालीसुद्धा नाही. निरीक्षक खिडकीशी वाकला. "क्लच हळू सोडा, ताई. अजून हळू. घाई कुणाला आहे?" तिसऱ्या वेळी चाकं फिरली. वहिनींनी ओठ दाताखाली धरला होता. एक गिअर, मग दुसरा. खांब गेला, दुसरा खांब आला, त्यांनी गाडी मागेपुढे करत वळवली आणि परत आणली. मग आणखी एक फेरी. मग न विचारता तिसरी, आणि तिच्यात तिसरा गिअर.

"किती आहे?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या बाजूने चकाकीमुळे एकही तबकडी दिसत नव्हती.

"दिसतंय मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बघा जरा."

साहेबांनी बाहेर पाहिलं. कडेची झाडं आणि हात हलवणारे कर्नल बाजूने मागे जात होते. या सीटवर बसून काहीच करायचं नसतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि ते बरं वाटलं.

पाच वाजत आले तसा पहारेकरी कुलूप घेऊन फाटकाशी आला. वहिनींनी गाडी दहाच्या आत आणली, फाटकाबाहेर रस्त्याच्या तोंडाशी नेली आणि दोन्हीकडे नीट पाहिलं. घर उजव्या हाताला होतं. डावीकडे रस्ता शहराबाहेर जात होता, पार टेकड्यांपर्यंत. वहिनींनी डावा सिग्नल दिला.

"अगं, घर इकडे आहे."

"ते काही पळून जात नाही," वहिनी म्हणाल्या, आणि क्लच हळू सोडला.